रान आणि अरण्य

आपल्याकडच्या एखाद्या शाळकरी मुलाला 'निसर्गचित्र काढ' असे सांगितले, तर तो काय काढील हे आपल्याला आधीच ठाऊक असते. दोन डोंगर, त्यांच्यामधून डोकावणारा अर्धा सूर्य, वळणे घेत खाली येणारी नदी, काठावर एक झोपडी, झोपडीशेजारी नारळाचे झाड आणि आकाशात चार पक्षी. पुढे एलिमेंटरीच्या परीक्षेला बसताना तो त्यात थोडी छाया घालतो, रंग जरा जपून वापरतो. पण डोंगर, नदी आणि झोपडी कायम राहतात. मोठेपणी आपण घरात जे कॅलेंडर लावतो त्यावरही बहुधा याच चित्राची सुधारलेली आवृत्ती असते.

या चित्रात वाईट काही नाही. माणसाला विसावा हवा असतो आणि निसर्गचित्राकडून तो विसाव्याचीच अपेक्षा करतो. झोपडी म्हणजे आसरा, नदी म्हणजे पाणी, सूर्य म्हणजे उद्याचा दिवस. परंतु हीच अपेक्षा घेऊन कोणी कॅनडाच्या टॉम टॉमसन या चित्रकाराच्या चित्रांपुढे उभा राहिला, तर त्याची निराशा होईल. आणि ती व्हावी असे मला वाटते. कारण त्या निराशेनंतरच ही चित्रे दिसू लागतात.

टॉमसनचे आयुष्य थोडक्यात सांगता येण्याजोगे आहे. त्याचा जन्म १८७७ सालचा, ऑंटॅरिओ प्रांतातल्या क्लेअरमाँटचा. तो वाढला ओवेन साउंडजवळच्या लीथ या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरात. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्याला फारसे मिळाले नाही. अक्षरे रेखाटणे, जाहिराती सजवणे हा त्याचा धंदा. तिशी ओलांडल्यावर तो टोरांटोच्या 'ग्रिप' नावाच्या कंपनीत याच कामावर लागला आणि तिथे त्याला जे. ई. एच. मॅक्डॉनल्ड, आर्थर लिस्मर, फ्रेडरिक व्हार्ली यांच्यासारखे सोबती मिळाले. १९१२ साली तो टोरांटोच्या उत्तरेला सुमारे अडीचशे किलोमीटरांवर असलेल्या अल्गाँक्विन पार्कात पहिल्यांदा गेला. पुढे त्याचा क्रमच ठरून गेला. बर्फ वितळू लागले की होडी, तंबू आणि रंगांची पेटी घेऊन रानात जायचे, शरद संपेपर्यंत तिथे लहान लहान फळ्यांवर चित्रे काढायची, आणि हिवाळ्यात शहरात परतून त्यांतल्या निवडक चित्रांचे मोठे कॅनव्हास करायचे. पोटासाठी तो रानात वाटाड्याचे काम करी. एका उन्हाळ्यात वणव्यांवर नजर ठेवणारा पहारेकरीही होता. ८ जुलै १९१७ रोजी कनू लेक या तलावावर तो होडीतून निघाला आणि परत आला नाही. आठ दिवसांनी त्याचे प्रेत मिळाले. चाळिशीला त्याला एक महिना कमी होता. मागे राहिली चारशेच्या आसपास लहान चित्रे आणि पन्नासएक मोठी. हे बहुतेक सारे काम अवघ्या पाच वर्षांतले आहे.

अशा माणसाविषयी दंतकथा तयार होणारच, आणि ती झाली. उपाशी, एकाकी, जगाने न ओळखलेला कलावंत अशी त्याची मूर्ती घडवली गेली. वस्तुस्थिती इतकी करुण नाही. १९१३ साली ऑंटॅरिओच्या सरकारने त्याचे चित्र अडीचशे डॉलरना घेतले. १९१५ साली कॅनडाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने 'नॉर्दर्न रिव्हर'साठी पाचशे डॉलर मोजले. डॉ. जेम्स मॅक्कॅलम या डोळ्यांच्या डॉक्टरने त्याला आणि ए. वाय. जॅक्सन या त्याच्या मित्राला एक एक वर्षाचा खर्च देऊ केला, हेतू हा की त्यांनी नोकरीचा विचार सोडून फक्त चित्रे काढावीत. (नेत्रवैद्याने चित्रकाराला आधार द्यावा यात मला मोठे औचित्य वाटते.) टॉमसन टोरांटोत एका लाकडी खोपटात महिना एक डॉलर भाड्याने राहत होता हे खरे, पण खोपटाची हौस त्याची स्वतःची होती. तेव्हा दंतकथा बाजूला ठेवू आणि चित्रांकडे वळू.

त्याचे सर्वांत प्रसिद्ध चित्र 'द जॅक पाइन'. १९१६-१७ च्या हिवाळ्यात काढलेले, सुमारे सव्वाचार फूट उंच आणि साडेचार फूट रुंद. तलावाच्या खडकाळ काठावर एक झाड. मागे पाणी, पाण्यापलीकडे निळसर-जांभळ्या टेकड्या, वर संध्याकाळचे पिवळे-हिरवे आकाश. झाड देखणे नाही. फांद्या खाली झुकलेल्या, पाने विरविरीत, जणू जुनी लक्तरे वाळत घातली आहेत, आणि त्यांच्यामधून पलीकडच्या टेकड्या आरपार दिसतात. पाणी आणि आकाश सपाट, आडव्या, रुंद फटकाऱ्यांनी रंगवले आहे; झाडाच्या रेषा मात्र वळणदार आहेत, अक्षरे रेखाटणाऱ्या हाताच्या. नीट पाहिले तर झाडाच्या कडांपाशी खालच्या लाल रंगाचा थर जागोजाग उघडा राहिलेला दिसतो. त्यामुळे हे थंड प्रदेशातले थंड झाड आतून धुमसत असल्यासारखे वाटते.

हा लाल रंग मला फार महत्त्वाचा वाटतो. जॅक पाइन हे झाड विलक्षण आहे. ते खडकावर, वाळूत, जिथे दुसरे काही धड वाढत नाही तिथे वाढते. त्याची पुष्कळशी फळे राळेने घट्ट बंद असतात, आणि ती उघडायला आगीची धग लागते. वणवा येतो, रान जळते, राळ वितळते आणि बी जळक्या जमिनीवर पडते. आगीनंतर सर्वांआधी उगवणाऱ्या झाडांपैकी हे एक आहे. टॉमसनने या झाडाचे मूळ लहान चित्र ग्रँड लेकच्या काठी केले, तेही १९१६ साली, म्हणजे ज्या वर्षी तो तिथे वणव्यांचा पहारेकरी होता त्याच वर्षी. लाल थर त्याने मुद्दाम सूचक म्हणून ठेवला असे मी म्हणणार नाही. चित्रकार रंगाचा विचार रंग म्हणून करतो. परंतु ज्याने ते झाड आणि ती आग दोन्ही जवळून पाहिली होती, त्याच्या हाताला तो लाल रंग झाकून टाकावासा वाटला नाही, एवढे मात्र निश्चित.

इथे एका शब्दाचा विचार करणे भाग आहे. या प्रदेशाला इंग्रजीत जो शब्द लावतात त्याला मराठी प्रतिशब्द शोधताना माझी लेखणी अडली. 'अरण्य' म्हणावे तर त्यात ऋषींचे आश्रम येतात, रामाचा वनवास येतो. अरण्य हे माणसाने जगाकडे पाठ फिरवून जाण्याचे ठिकाण. 'जंगल' म्हटले की वाघ आलाच. 'ओसाड' म्हटले की झाडे नाहीशी होतात. शेवटी मी 'रान' या शब्दापाशी थांबलो. आपला शब्द मोठा चतुर आहे. रानडुक्कर, रानभाजी, रानवारा यांतले रान माणसाच्या कह्यात नसते. पण देशावरचा शेतकरी 'रानात जाऊन येतो' म्हणतो तेव्हा तो आपल्या शेताकडे निघालेला असतो. मोकाट आणि कसलेले, दोन्हींना एकच शब्द. टॉमसनच्या चित्रांतला प्रदेश हे असे रान आहे, असा माझा या लेखातला मुख्य मुद्दा आहे.

कॅनडातल्या लोकांनी फार काळ या चित्रांकडे अस्पर्श निसर्गाची चित्रे म्हणून पाहिले. माणसाचे पाऊल न पडलेला उत्तरेकडचा प्रदेश, आणि त्याची चित्रे म्हणजे राष्ट्राचा आत्मा, असा तो अभिमान होता. पण अल्गाँक्विन अस्पर्श नव्हते. १८९३ साली पार्क स्थापन झाले त्याच्या कितीतरी आधीपासून तिथले उंच पांढरे पाइन तोडून नद्यांतून खाली सोडले जात होते. लाकूड वाहून नेण्यापुरते पाणी हवे म्हणून धरणे बांधली होती, त्यांनी तलाव फुगले आणि काठची झाडे पाण्यात उभी राहून मेली. कनू लेकच्या काठी मोवॅट नावाची वस्ती होती. तिथली गिलमोर कंपनीची लाकडाची गिरणी बुडाली होती आणि टॉमसन ज्या लॉजमध्ये उतरे ती त्या गिरणीचीच जुनी इमारत. तो पार्कात यायचा तोही आगगाडीने, कारण पार्काच्या पोटातून रूळ गेलेले होते. पार्काच्या काही भागात लाकूडतोड आजही चालते.

हे सारे टॉमसनने लपवले का? नाही. १९१२ साली, पहिल्याच वर्षी, त्याने पाण्याखाली गेलेल्या जमिनीचे चित्र काढले. नावच 'ड्राउंड लँड', बुडालेली जमीन. १९१५ साली त्याने वणव्याने झोडपलेल्या टेकड्या रंगवल्या. त्या चित्रात जळके खुंट, राख आणि खडक यांचा असा गोंधळ आहे की पाहणाऱ्याला पाय ठेवायला जागा सापडत नाही. 'द ड्राइव्ह' या मोठ्या चित्रात धरणाच्या दारातून लाकडाचे ओंडके कोसळत निघाले आहेत आणि माणसे लांब काठ्यांनी त्यांना वाट देत आहेत. या चित्रकाराला ठाऊक होते की आपण जे पाहत आहोत ते तोडलेले, बुडवलेले, जाळलेले आणि पुन्हा उगवणारे रान आहे. त्याचे जॅक पाइन सृष्टीच्या पहिल्या दिवसापासून तिथे उभे नाही. ते नंतर आलेले झाड आहे. चित्राचे धैर्य मला त्यात दिसते.

आता त्याच्या लहान चित्रांविषयी. या फळ्या साधारण साडेआठ इंच उंच आणि साडेदहा इंच रुंद. तुमच्या हातातल्या अंकाच्या पानाच्या मानाने फार मोठ्या नाहीत. फळी पेटीच्या झाकणात बसवायची, पेटी मांडीवर घ्यायची आणि उजेड बदलायच्या आत चित्र उरकायचे. बर्फ वितळतानाचे मळकट पांढरे, ऑक्टोबरातल्या मेपलचा तांबडा, उत्तरेकडच्या आकाशात रात्री हलणारा हिरवट प्रकाश, हे सारे तिथे एका बैठकीत उतरले आहे. पुष्कळ ठिकाणी लाकडाचा पृष्ठभाग तसाच सोडलेला दिसतो आणि तोच जमिनीचा रंग होऊन जातो.

मोठे कॅनव्हास प्रसिद्ध झाले, तरी माझे मत असे की टॉमसनची खरी कमाई या फळ्यांत आहे. 'नॉर्दर्न रिव्हर' सुंदर आहे. काळ्या झाडांच्या जाळीतून पलीकडचे उजळ पाणी दिसते, जणू रंगीत काचेची खिडकी. पण तिथे सजावट करणारा हात थोडा पुढे आला आहे. 'द वेस्ट विंड'मध्ये झाड वाऱ्याने वाकले आहे, पाण्यावर फेस आहे, आणि तरीही वारा मला लागत नाही. ढग आणि टेकड्या जागच्या जागी बसवल्यासारख्या वाटतात. स्टुडिओत हिवाळ्यात बसून उन्हाळ्यातला वारा आठवणे कठीणच. 'जॅक पाइन' याला अपवाद आहे, कारण तिथे वारा नाही. तिथे वारा थांबल्यानंतरची स्तब्धता आहे आणि ती मोठ्या कॅनव्हासला मानवते.

टॉमसनच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १९२० साली, त्याच्या सोबत्यांनी 'ग्रुप ऑफ सेव्हन' या नावाने टोरांटोत पहिले प्रदर्शन भरवले. लॉरेन हॅरिस, जॅक्सन, मॅक्डॉनल्ड, लिस्मर, व्हार्ली, फ्रँक जॉन्स्टन आणि फ्रँकलिन कारमायकेल असे हे सात. युरोपची नक्कल सोडून आपला देश आपल्या डोळ्यांनी पाहायचा, असा त्यांचा बाणा होता. या बाण्यातही थोडी गंमत आहे. उत्तरेकडचे बर्फ आणि देवदार यांतून नवी चित्रकला निघू शकते हा विश्वास हॅरिस आणि मॅक्डॉनल्ड यांना १९१३ साली मिळाला तो अमेरिकेतल्या बफेलो शहरी भरलेले स्कँडिनेव्हियन चित्रकारांचे प्रदर्शन पाहून! आपले अंगण ओळखायला कधी कधी शेजाऱ्याच्या ओट्यावर जावे लागते. त्याच वर्षी टोरांटोच्या एका वृत्तपत्रीय टीकाकाराने या मंडळींच्या रंगांना 'गरम लापशी' म्हणून हिणवले होते. पुढे १९२४ साली लंडनजवळ वेंब्लीच्या प्रदर्शनात इंग्रज टीकाकारांनी त्यांचे कौतुक केले आणि टेट गॅलरीने जॅक्सनचे एक चित्र विकत घेतले, तेव्हा घरचा विरोध बराच मवाळ झाला. हा अनुभव आपल्यालाही अपरिचित नाही.

या सातांत लॉरेन हॅरिस हा टॉमसनचा खरा प्रतिपक्ष आहे. शेतीची यंत्रे बनवणाऱ्या श्रीमंत घराण्यातला हा मुलगा थिऑसफीकडे वळला. ज्या थिऑसफिकल सोसायटीचे ठाणे अड्यारला जाण्यापूर्वी १८७९ ते १८८२ या काळात मुंबईत होते, तीच ही सोसायटी. आत्म्याने स्थूलातून सूक्ष्माकडे जावे हा विचार हॅरिसच्या चित्रांत सरळ उतरलेला दिसतो. त्याने लेक सुपीरियरचा उत्तर किनारा रंगवला, पुढे १९३० साली जॅक्सनबरोबर बोटीने उत्तर ध्रुवप्रदेशात जाऊन हिमनग रंगवले. त्याच्या १९२६ सालच्या 'नॉर्थ शोअर, लेक सुपीरियर' या चित्रात उंचवट्यावर एकच मेलेला खुंट आहे आणि त्यावर वरून प्रकाश उतरला आहे. चित्र भव्य आहे. पण त्यातला खुंट सालीसुद्धा गळून जाऊन प्रतीक झाला आहे. त्याला हात लावला तर तो लाकडाचा लागेल असे वाटत नाही. हॅरिसने अरण्य रंगवले, जगाकडे पाठ फिरवून जाण्याचे ठिकाण. टॉमसनने रान रंगवले. मला हॅरिसपुढे आदराने उभे राहता येते, टॉमसनपुढे अधिक वेळ उभे राहता येते.

मात्र एक आक्षेप दोघांवरही येतो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. या चित्रांत तिथले मूळ रहिवासी कुठे आहेत? ज्यांच्या नावावरून पार्काला नाव मिळाले ते अल्गाँक्विन लोक त्या तलावांच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या शिकार करीत आले होते. पार्क झाल्यावर तिथे शिकारीला बंदी आली. ज्या होडीतून टॉमसन हिंडला ती होडीची विद्याही मुळात त्या भागातल्या आदिवासींची. त्यांच्या जमिनीच्या हक्कासंबंधीचा तत्त्वतः करार व्हायला २०१६ साल उजाडले. 'निर्मनुष्य उत्तर' ही कल्पना चित्रकारांना सोयीची होती, सरकारला त्याहून सोयीची होती. त्याच काळात कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर एमिली कार ही चित्रकर्ती आदिवासींची गावे आणि त्यांचे कोरीव खांब रंगवीत होती. १९२७ साली ओटावाच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने तिची आणि या मंडळींची गाठ पडली. तिच्याही दृष्टीत दोष काढता येतील, पण ते रान कोणाचे तरी आहे हे तिने विसरू दिले नाही.

टॉमसनच्या मृत्यूच्या दंतकथेतच या आक्षेपाचे एक विचित्र प्रत्यंतर आहे. अपघाती बुडून मृत्यू हा निर्णय लोकांना कधीच पटला नाही. त्याला आधी कनू लेकच्या काठी पुरले आणि मग प्रेत लीथला हलवले. ते खरोखर हलवले का, यावर वाद माजला. १९५६ साली काही लोकांनी तलावाकाठची ती जागा उकरली. हाडे सापडली. सरकारी तज्ज्ञांचा निष्कर्ष असा निघाला की ही हाडे टॉमसनची नव्हेत, एका आदिवासी पुरुषाची आहेत. त्या निष्कर्षावरही पुढे शंका घेतल्या गेल्या, पण मला तो प्रसंग विसरता येत नाही. चित्रकाराला शोधायला गेलेल्या लोकांना त्या जमिनीखाली, त्यांच्या मनात नसलेला एक माणूस भेटला, असे निदान कागदोपत्री तरी नोंदले गेले.

मग या चित्रांवर प्रेम करावे की नाही? माझे उत्तर 'करावे' असेच आहे. परंतु राष्ट्राचा आत्मा, अस्पर्श सृष्टी असल्या विशेषणांखातर नव्हे. टॉमसनने सगळे पाहिले नाही. जे पाहिले ते मात्र सुशोभित केले नाही. बुडालेली जमीन त्याने बुडालेली दाखवली, जळकी टेकडी जळकी दाखवली, आणि कुरूप झाडाला कुरूप ठेवून त्याचे मोठेपण दाखवले. चित्रात जे नाही त्याची आठवण आपण ठेवायची, आणि जे आहे त्याला त्याचे श्रेय द्यायचे, एवढे काम पाहणाऱ्याकडे उरते.

आज आपल्यापैकी अनेक घरांतली मुले-नातवंडे टोरांटो आणि त्याच्या आसपास स्थायिक झाली आहेत. आईवडील तिकडे जातात, नायगरा पाहतात, उंच मनोरा पाहतात आणि परत येतात. त्यांना माझे एक सांगणे आहे. 'द वेस्ट विंड' टोरांटोच्याच आर्ट गॅलरी ऑफ ऑंटॅरिओच्या संग्रहात आहे, 'जॅक पाइन' ओटावाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाच्या. सवड काढून जा, नातवंडांना बरोबर घ्या. पण मोठ्या चित्रांकडे लगेच धावू नका. आधी त्या वीतभर फळ्यांपाशी थांबा, चष्मा पुसून जवळ जा, आणि नातवाला विचारा की यात झोपडी कुठे काढता येईल. तो बराच वेळ शोधील. त्या शोधात त्याला खडक दिसेल, राख दिसेल, पाण्यात मेलेले झाड दिसेल आणि त्याच्याच बुंध्याशी उगवलेला हिरवा कोंबही कदाचित दिसेल.